पानं चारच्या पटीत ठेवा

या चर्चेत वर कुणीतरी हौशी फिल्म क्लबचं छापील वार्तापत्र सहा पानी काढा म्हणालं. अहो, ए३ कागद मधोमध दुमडला की ए४ची चार पानं होतात. सहा केलीत तर सुटा कागद घालावा लागतो, आणि तो हमखास हरवतो. चार करा नाहीतर आठ.

आमच्या जळगावच्या हौशी फिल्मवाल्या मंडळींच्या पहिल्या अंकात फिल्ममधलं केळीच्या बागेतलं दृश्य म्हणजे नुसतं हिरवं फडकं! व्हिडिओतली फुल एचडी फ्रेम १९२०×१०८० पिक्सेलची, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून) जेमतेम सव्वासोळा सेंटिमीटर रुंद छापता येते. आम्ही ती पानभर ताणली, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात शूटिंग होत नाहीच, तेव्हा अंक जुळवायला बसा. अहिराणी संवादांचं एक पान मात्र ठेवाच, आमच्याकडे आधी तेच उघडतात.