जिल्हा ग्रंथालयात संशोधनाची जर्नल्स का वाचता येऊ नयेत?

बागवाला, तासगाव
यंदा द्राक्षाच्या फळछाटणीनंतर पावसानं गाठलं आणि डावणी हा बुरशीचा रोग फुलोऱ्यात शिरला. नेहमीचं बुरशीनाशक दोनदा मारूनही तो आटोक्यात येईना. औषध बुरशीला पचायला लागलंय अशी शंका आली, म्हणून शोधलं तर नेमका त्यावरच शोधनिबंध सापडला, नमुने महाराष्ट्रातल्याच बागांचे. फुकट मिळाला फक्त सारांश. पुढं वाचायला तीन हजारांवर रुपये.

सरकारची 'एक देश, एक सदस्यता' योजना २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. पण वाचणार कोण? सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतले लोक. पैसा मात्र आपल्या सगळ्यांचा. मंजूर मुदत २०२७ला संपते. पुढचा करार करताना प्रत्येक जिल्हा ग्रंथालयातला एक तरी संगणक त्यात धरा. डाउनलोड नको, तिथं बसून वाचू.

मिरजकर
दादा, तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. मी वीस वर्षं द्राक्ष सल्ल्याचं काम करतोय. निबंधातला निष्कर्ष बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या बशीतला असतो. तो वाचून कोणी फवारणी बदलली, लेबल क्लेम (औषध त्या पिकाला मंजूर आहे का) आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस) पाहिला नाही, तर निर्यातीचा कंटेनर परत येतो. २०१०ला सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडून युरोपात द्राक्षं अडकली, ते विसरलात का? पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी फुकट आहेत. तेवढा पैसा मराठी विस्तारकार्यात घाला.

बागवाला, तासगाव
२०१० विसरलो नाही, त्या वर्षी आमचाही माल अडकला होता. पण सीसीसी कोणी चोरून मारत नव्हतं, सगळ्यांच्या वेळापत्रकात होतं. युरोपची मर्यादा आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. अर्धवट माहितीची भीती म्हणता, तर सारांश ही अर्धवटच माहिती. प्रयोग बशीत झाला की वेलीवर, हे आतल्या पानांवर लिहिलेलं असतं. आणि तीच पानं बंद आहेत.

कराडची संशोधक
दोघांनाही एक सांगते. निबंधाचे आम्हाला पैसे मिळत नाहीत, दुसऱ्यांचे तपासून देतो तेही विनामोबदला. तरी 'सगळं खुलं करा' म्हणताना जपून, कारण मग बरीच जर्नल्स लेखकाकडून फी घेतात. 'नेचर' या जर्नलनं २०२०ला एका निबंधाला ९,५०० युरो जाहीर केली होती. आमच्यासारख्या लहान कॉलेजला ते झेपायचं नाही. लेखकाला सरळ मेल करा, बहुतेक जण पाठवतात.

बागवाला, तासगाव
ताई, मेल केली होती. त्यांनी आपुलकीनं उत्तर दिलं, निबंधही पाठवला. सतराव्या दिवशी. तोवर निम्मे घड गेले होते.

मिरजकर
ग्रंथालयात संगणक ठेवा, हरकत नाही. पण हंगामात आठवड्यातून एक दिवस तिथं जाणकार माणूस बसवा, एवढ्यावर मी ठाम आहे.