इन्फ्लिक्सिमॅबचा क्लेम ‘२४ तास भरती नाही’ म्हणून नाकारला, आता काय करू?

क्यूसी_अंबड

नमस्कार मंडळी. वय ३६, नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, राहायला पाथर्डी फाट्याजवळ. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते आखडतात. हे नाव कळायच्या आधी आठ वर्षं ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी बदल’, ‘बाइक कमी चालव’ यात गेली.

पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस ६.२० ला येते, म्हणून गजर ४.४५ चा. सरळ उठता येतच नाही. आधी कुशीवर, मग एक पाय खाली सोडायचा, मग कॉटची कड धरून उभं राहायचं. गरम पाणी पाठीवर पडेपर्यंत मान वळत नाही. मोजे बायको घालते. पाच वर्षांची पोरगी मोजे हातात धरून शेजारी उभी असते. तिला वाटतं सगळ्यांच्या घरी बाबांना असेच मोजे घालतात.

एचएलए बी-२७ (या आजाराशी जोडलेलं जनुक) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये कमरेखालच्या दोन्ही एसआय जॉइंटना सूज, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३८. दोन वेगवेगळ्या पेनकिलर पूर्ण डोसमध्ये घेऊन झाल्या, दुसरीने पोटाची वाट लावली. बास्डाई स्कोर (सहा प्रश्न असतात, दहापैकी मार्क, ४ च्या वर म्हणजे आजार जोरात) माझा ६.८ आला. डॉक्टर सरांनी इन्फ्लिक्सिमॅब सुचवलं, हे सलाइनमधून देतात. त्याआधी टीबी, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, सगळं झालं.

पहिला डोस गेल्या महिन्यात घेतला. वजन ६०.४ भरलं. किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे ३०२. व्हायल (औषधाची बाटली) १०० ची. सिस्टर म्हणाली, “दादा, बूट काढा आणि परत उभे राहा.” बूट काढल्यावर ५९.७. चौथी व्हायल वाचली. सकाळी ९ ला गेलो, दुपारी ३ ला घरी. कॅशलेस नाकारलं होतं, म्हणून ६३,२०० रुपये भरले, पतसंस्थेतून काढून. नंतर कागद पाठवले तर उत्तर आलं: ‘भरती २४ तासांपेक्षा कमी, उपचार ओपीडीत होण्यासारखा, क्लेम देय नाही.’ बस, एवढंच. दुसरा डोस दोन आठवड्यांनी घेतला, त्यात बोनस गेला. तिसरा सहाव्या आठवड्याचा, तो १८ तारखेला आहे. पुढे आयुष्यभर दर ६ ते ८ आठवड्यांनी.

पॉलिसी कंपनीची ग्रुपची आहे, ५ लाखांची. एचआर ‘मेल करतो’ म्हणून तीन आठवडे झाले. गंमत अशी की पगार २१ हजारांच्या आत होता तोवर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) होतं, सातपूरचं हॉस्पिटल होतं. प्रमोशन मिळालं आणि ते गेलं. पेढेही वाटले होते त्या वेळी.

कोणी यातून गेलंय का? आणि १८ तारीख पुढे ढकलली तर चालेल का?

---

पक्या_पंचवटी

भाऊ टेन्शन नको घेऊ. डॉक्टरला सांग २५ तास भरती दाखवा. एक रात्र काढायची एसी रूममध्ये, सकाळी मिसळ खाऊन घरी. माझ्या मेहुण्याने असंच केलं.

---

जेलरोडची_मावशी

पक्याचं ऐकू नकोस.

मी ३१ वर्षं सहकारी बँकेत क्लार्क होते, त्यामुळे कागद वाचायची खोड आहे. माझ्या मुलाला क्रोन्स आहे, आतड्यांचा. औषध तुझंच. दोन वर्षांपूर्वी त्याचाही क्लेम याच शब्दांत परत आला होता. अगदी हेच वाक्य. मला वाटतं त्यांच्याकडे ते छापूनच ठेवलेलं असावं.

पहिलं काम. फोन करायचा नाही, मेल करायचा, आणि मेलमध्ये एकच ओळ: ‘पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला, त्या कलमाचा क्रमांक आणि मजकूर कळवावा.’ इर्डाईचं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २९ मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे. त्यात स्पष्ट आहे की क्लेम पूर्ण किंवा अर्धा नाकारला तर पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कळवायचं, आणि विमा कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारायचाच नाही. टीपीए (कंपनीसाठी क्लेमचे कागद तपासणारी एजन्सी) हा मधला माणूस, निर्णय कंपनीचा. मला तीन वेळा मेल करावा लागला. तिसऱ्यांदा कलम आलं.

कलम कोणतं, तर ‘डे-केअर’ची व्याख्या. ती सगळ्या पॉलिसीत जवळपास सारखीच असते: भूल देऊन केलेला, तंत्रज्ञानामुळे २४ तासांच्या आत आटोपणारा उपचार, आणि जे एरवी ओपीडीत होतं ते यात धरायचं नाही. सलाइनमधून औषध सोडायला भूल कुठून देणार? झालं, नाकारला.

मग मी पॉलिसी मागवली. पूर्ण. चकचकीत चारपानी माहितीपत्रक नव्हे, आतल्या अटी. ४८ पानं. प्रिंट काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. आमचे हे म्हणाले, एवढं वाचलं असतंस तर नोटांच्या प्रेसमध्ये ऑफिसर झाली असतीस. पान १७ वर ‘आधुनिक उपचारपद्धती’ असं वेगळं कलम सापडलं. इर्डाईने २०१९ मध्ये बारा उपचारांची यादी केली आणि ठरवलं की ते वगळायचे नाहीत, फक्त मर्यादा घालता येईल. त्यात लिहिलंय: ‘इम्युनोथेरपी, मोनोक्लोनल अँटिबॉडी, इंजेक्शनद्वारे.’ भरती होऊन किंवा डे-केअर म्हणून, दोन्ही चालतं. इन्फ्लिक्सिमॅब मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे, नावातला ‘मॅब’ त्याचाच.

कंपनीचं पुढचं उत्तर: ही इम्युनोथेरपी कॅन्सरची. मी विचारलं, कॅन्सर हा शब्द कलमात कुठे आहे तेवढं दाखवा. दाखवू शकले नाहीत, पण मानलंही नाही. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने साच्यातलं पत्र पाठवलं. मग विमा लोकपालाकडे गेले. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, नारायण पेठेत, केळकर रोडवर जीवन दर्शन इमारतीत. फी नाही, वकील चालत नाही (आणि लागतही नाही), तक्रार ऑनलाइन करता येते. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार हवी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मग यांच्याकडे, एक वर्षाच्या आत. सुनावणीची तारीख लागल्यावर आठवडाभरात कंपनीचा फोन आला, ‘मॅडम, आपण मिटवू या.’ साडेचार महिन्यांनी तीन डोसचे पैसे आले, पॉलिसीत निम्म्या रकमेची मर्यादा होती तिथपर्यंत. उरलेले आमचे गेले ते गेले. सगळं मिळतं असं तुला खोटं सांगणार नाही.

आता १८ तारीख. ढकलू नकोस. या औषधात मध्ये मोठा खाडा पडला तर शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, मग पुढच्या वेळी रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता वाढते आणि औषधही लागू पडेनासं होतं. आमच्याकडे पैशांवाचून एक डोस पाच महिने लांबला होता. पुढच्या वेळी सलाइन सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच पोराच्या अंगावर गांधी उठल्या, छाती भरून आली. सिस्टरने नळी बंद केली तो क्षण मी अजून विसरलेले नाही. चार-सहा दिवस इकडेतिकडे होत असतील तर तुझ्या डॉक्टरांना विचार, स्वतः ठरवू नकोस.

---

डेस्कवरून

मावशींनी मुद्द्याचं सांगितलं. मी सहा वर्षं हॉस्पिटलच्या मेडिक्लेम काउंटरला होतो, त्या बाजूने थोडं सांगतो.

पक्या, २५ तास भरती दाखवायची तर नर्सिंग चार्ट, बीपीच्या नोंदी, रात्रीच्या राउंडची सही, सगळं खोटं बनवावं लागतं. टीपीएचा माणूस चार्ट बघतो. दुपारी औषध संपलेला पेशंट रात्रभर का ठेवला, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. पकडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. दीर्घ आजारवाल्याने हा खेळ अजिबात करू नये, त्याला हीच पॉलिसी वीस वर्षं लागणार आहे.

क्यूसीदादा, तुमच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा डॉक्टर घाईत ‘इंज. इन्फ्लिक्सिमॅब ३०० मिग्रॅ’ एवढंच लिहितात. टीपीएच्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही. त्याला वाटतं दंडात टोचून घरी पाठवलं. तुमच्या सरांकडून लेटरहेडवर एक पानभर पत्र घ्या. निदान कशावरून झालं, कोणत्या गोळ्या किती आठवडे दिल्या आणि का थांबवल्या, स्कोर किती, आणि मुख्य म्हणजे हे औषध हॉस्पिटलातच का द्यावं लागतं: दोन तास शिरेतून, दर थोड्या वेळाने बीपी-नाडी, रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन तयार, नंतर निरीक्षण. वजन आणि व्हायलचा हिशोबही त्यातच. डिस्चार्ज कार्डवर ‘डे-केअर’ हा शब्द यायलाच हवा. ओपीडीची पावती जोडली की तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात कारण दिलं.

व्हायलची खोकी फेकू नका, बॅच नंबरचे स्टिकर मागतात. गोळे कॉलनीतून (नाशिकचा औषधांचा होलसेल बाजार) स्वस्तात आणायचं असेल तर आधी हॉस्पिटलला विचारा. बाहेरून आणलेल्या औषधाचं बिल कॅशलेसमध्ये बसत नाही, परताव्यात चालतं, पण त्यावर पेशंटचं नाव आणि सोबत प्रिस्क्रिप्शन पाहिजे. शिवाय हे २ ते ८ डिग्रीत राहावं लागतं. उन्हाळ्यात कोणी डिकीत टाकून आणलं तर आमच्याकडे परत पाठवायचे.

अजून एक. उद्या सरांनी अ‍ॅडालिमुमॅबवर टाकलं, तर तेही मॅबच, पण पोटावर घरी टोचायचं. घरी घेतलं की ओपीडीचं कव्हर नसेल तर सगळा खर्च खिशातून. इटॅनरसेप्ट तर मॅबही नाही, मावशींचं कलम तिथे थेट लागू होत नाही. गोळ्यांना तर नाहीच. म्हणून औषध बदलायची वेळ आली तर सरांना आधीच विचारा. त्यांना औषधाची काळजी असते, कलमाची माहिती असेलच असं नाही.

---

क्यूसी_अंबड

मावशी, दादा, काय बोलू. काल सेकंड शिफ्टला जायच्या आधी एचआरच्या टेबलासमोर जाऊन बसलो, म्हटलं पॉलिसी घेतल्याशिवाय उठत नाही. (बसलेलं उठायला मला तसाही वेळ लागतो.) अर्ध्या तासात पीडीएफ आली. ५२ पानं. आमच्यात पान २१ वर आहे, मर्यादा सम इन्शुअर्डच्या ५० टक्के. म्हणजे वर्षाला अडीच लाख. हिशोब केला, पहिल्या वर्षी आठ डोस धरले तर पाच लाखांच्या वर जातं, निम्मं पुरतं. पण शून्यापेक्षा निम्मं.

केसपेपर पाहिला. दादांनी सांगितलं तेच. ‘इंज. इन्फ्लिक्सिमॅब, ३ व्हायल’, खाली सही. सरांना पत्र मागितलं तर म्हणाले, आधी कोणी मागितलंच नाही. परवा देणार आहेत. कलम विचारणारा मेल टाकला, एचआरला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कॉपी ठेवून. १८ चा डोस घेतोय, भावाने पैसे दिले. या वेळी डे-केअरचा प्री-ऑथ (आधी मंजुरी मागणारा अर्ज) चार दिवस आधी टाकायला काउंटरवर सांगितलंय.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या दोन डोसचा डिस्चार्ज कार्डचा प्रकारच नाही, फक्त ओपीडी पावती आहे. हॉस्पिटल आता मागच्या तारखेचं कार्ड देईल का?

---

डेस्कवरून

मागच्या तारखेचं मागू नका, ते पुन्हा पक्याच्याच वाटेने जाणं झालं. इन्फ्यूजन रूममध्ये नर्सिंग शीट असतेच, त्यावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, बीपीच्या नोंदी असतात. तिची मेडिकल रेकॉर्डकडून शिक्क्यासह नक्कल मागा, आणि सरांचं आजच्या तारखेचं पत्र, ‘अमुक दिवशी डे-केअर म्हणून दिलं’ असं. खरं आहे तेवढंच.

---

जेलरोडची_मावशी

आणि नक्कल मिळाल्यावर झेरॉक्स दोन काढ. मूळ कागद त्यांना देताना पोच घे, शिक्का मारून. आमचा एक सेट तिकडेच गहाळ झाला होता.