राखीव जंगलातल्या वाटा बंद करण्याचा प्रस्ताव : हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

सातपुडा_पायवाट
सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या भागातल्या एका जंगलाबद्दल ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागली आहे. प्रस्तावात चार बदल आहेत. नाल्याकाठची जुनी पायवाट वर्षभर बंद, मुक्काम आणि चूल बंद, दुचाकीला पूर्ण मनाई, आणि बाकीच्यांना नाक्यावर नोंद करून शुल्क. हरकतीची मुदत दिली आहे, पण सूचना कोणत्या कायद्याखाली काढली ते कुठेच लिहिलेलं नाही. पावसाळ्यातली गर्दी, बाटल्या, वाटेची झीज हे सगळं खरं आहे आणि बंदोबस्त हवाच. पण सरसकट बंदी पटत नाही. हरकत कुणाकडे द्यायची आणि तिच्यात काय लिहायचं?

अंजनवन
भाऊ, आधी जमीन कोणत्या प्रकारात मोडते ते काढा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. सूचनेत कक्ष क्रमांक (वन खात्यानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा नंबर) असेल, तो घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात नकाशा पाहा. क्रमांक नसेल तर वनरक्षकाला बीटचं, म्हणजे त्याच्या गस्तीच्या हद्दीचं, नाव विचारा.

राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 लागू होतं. त्यात परवानगीशिवाय शिरायलाच मनाई आहे, विस्तव पेटवायला किंवा सोबत न्यायलाही. त्यामुळे "आमचा फिरण्याचा हक्क गेला" असं लिहिलेली हरकत टिकत नाही. "बंदी नको, नियमन करा" अशी मागणी ठेवा. या जंगलाचं काम कार्य आयोजनेनुसार (वन खात्याच्या व्यवस्थापन आराखड्यानुसार) चालतं आणि ती साधारण 10 वर्षांसाठी असते. तिच्यात निसर्ग पर्यटनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. प्रस्ताव त्याच्या उलट जात असेल तर तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच.

यावल, अनेर किंवा गौताळ्यासारखं अभयारण्य असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 लागतो. कलम 27 प्रवेश रोखतं. कलम 28 मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते दिलंय : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. देवदर्शनाचा त्यात उल्लेख नाही. देवस्थानाकडे जाणारी वाट असेल तर अभयारण्याच्या हक्कचौकशीत (लोकांच्या जुन्या हक्कांच्या चौकशीत) कलम 24 खाली ती वहिवाट चालू ठेवली आहे का, हे पाहावं लागेल.

अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा असेल तर तो केंद्राच्या राजपत्रात येतो. हरकत 60 दिवसांत दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाकडे पाठवायची असते. लोक परिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन निश्चिंत होतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

मुरूम_आणि_वाट
कायद्याचं वर आलंच आहे. मी वाटेबद्दल लिहितो, कारण हरकतीत पर्याय दिला तरच ती वाचली जाते.

नाल्याकाठची वाट माणसांच्या संख्येपेक्षा चढामुळे जास्त झिजते. वाट सरळ उतारावरून गेली की पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं आणि घळ पडते. मग लोक कडेनं चालतात आणि वाट रुंदावत जाते. ठोकताळा असा : वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, पृष्ठभाग दरीकडे साधारण 5 टक्के कललेला असावा. मोबाइलवर वाटेची नोंद घ्या, कक्षाच्या नकाशावर उतरवा आणि तिचे तुकडे पाडा. कोणता तुकडा बिघडलाय, कोणता शाबूत आहे, वळसा कुठून घेता येईल, हे फोटोसह लिहा. मग बिघडलेल्या तुकड्यापुरती बंदी मागता येते.

दुचाकीच्या मनाईला मात्र विरोध करू नका. चाकोरी पडली की तीच पाण्याची नाली होते, आणि चढावर घसरणारं चाक मुरूम उकरून काढतं. चुलीचंही तेच. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. याच दिवसांत पाणवठे आटतात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात आणि मोहफुलं, तेंदूपान वेचायला गावकरीही जंगलात असतात. या चार महिन्यांत नाल्याकाठ बंद ठेवणं रास्तच आहे. प्रश्न विचारायचा तो हिवाळ्याबद्दल : नोव्हेंबर ते जानेवारी पायी जाणाऱ्यांना कशासाठी अडवायचं? त्याचं कारण प्रस्तावात लेखी असायला हवं.

गावठाण_ते_जंगल
दादा, ग्रामसभा विसरू नका. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली काही गावं आणि नंदुरबारचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा (आदिवासी भागांत ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा) लागू आहे. वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक वनहक्क (गावाचे जंगलावरचे एकत्रित हक्क) मंजूर असतील तर त्या हद्दीतलं वनसंवर्धन आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे. अभयारण्याच्या बाबतीतही, अनुसूचित क्षेत्र असेल किंवा वनहक्क कायदा लागू असेल तर व्यवस्थापन आराखड्यासाठी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. 2022 च्या दुरुस्तीनं ते वन्यजीव अधिनियमाच्या कलम 33 मध्ये आलं.

ठराव गणपूर्तीवर अडतो. वनहक्क नियमांनुसार निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ठरावासोबत सह्यांची यादी जोडा. शुल्काबद्दल एकच प्रश्न लेखी विचारा : पैसा कोणत्या खात्यात जाणार आणि त्यातला किती त्याच वाटेवर खर्च होणार?

सातपुडा_पायवाट
नकाशा पाहिला. राखीव वन आहे, पण निम्मी वाट सामूहिक वनहक्काच्या हद्दीत येते. आता दोन अर्ज करावे लागतील का? प्रस्तावाची पूर्ण प्रत माहिती अधिकारात मागू का?

अंजनवन
निवेदन एकच करा. त्यात दोन्ही तुकड्यांचे कक्ष क्रमांक वेगळे दाखवा. मूळ प्रत उपवनसंरक्षकांना आणि एक प्रत ग्रामसभेला द्या. ग्रामसभेचा ठराव मुदतीआधी झाला तर तो जोडा, नाहीतर "ठराव पाठोपाठ सादर करतो" असं लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला 30 दिवस मिळतात, म्हणजे ते हरकतीच्या मुदतीनंतरही येऊ शकतं. म्हणून नुसत्या प्रती मागू नका, नस्ती (प्रस्तावाची फाइल) पाहण्याचीही मागणी करा. आणि हरकत त्या उत्तरासाठी थांबवून ठेवू नका. ती हातोहात देऊन आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का मारून देत नसतील तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा.