टिबियात रॉड आहे, डॉक्टर म्हणतात आता पूर्ण वजन टाका, पण पाय टेकवायची हिंमतच होत नाहीये

गिट्टीवाला_इंदूर
नमस्कार मंडळी, सुदामा नगर, इंदूर इथून लिहितोय, वय ४१. पावसाळा संपता संपता सुपर कॉरिडॉरवर सकाळची राइड चालू होती, टर्नला गिट्टी पसरलेली, पुढचं चाक सरकलं आणि उजवा बूट (पॅडलमध्ये अडकवायचा असतो तो) पॅडलमधून सुटलाच नाही. सायकलसकट त्याच पायावर पडलो. टिबिया, फिब्युला (गुडघ्याखालची दोन हाडं) दोन्ही गेले, नडगीच्या बरोबर मधे. हाड कातडीबाहेर आलं नाही हे नशीब. ऑपरेशन करून टिबियात रॉड टाकला, वर-खाली स्क्रू, फिब्युलाला हात नाही लावला, ते आपोआप जुळतं म्हणाले.

सुरुवातीला वॉकर आणि नुसतं बोट टेकवायचं, मग थोडं थोडं. आता परवा एक्स-रे काढला, डॉक्टरांनी उजेडात धरून बघितला, म्हणाले कॅलस (मोडल्या जागी तयार होणारं नवं हाड) छान येतोय, हळूहळू पूर्ण वजन टाका, आणि पुढचा पेशंट आत. अहो हळूहळू म्हणजे किती? पाय टेकवला की डोक्यात तो आवाज येतो पडतानाचा आणि आपसूक वजन वॉकरवर जातं.

बाकी शंका: संध्याकाळपर्यंत पाऊल सुजतं आणि खाली लोंबकळत ठेवलं की जांभळं पडतं. मोडलंय नडगीत आणि दुखतोय गुडघा पुढून, हे काय? आणि मावशी रोज फोन करून सांगते की हाडं बसवणाऱ्या एका पहलवानाकडे मालिश करून घे, आठ दिवसांत चालायला लागशील. घरात संडास देशी आहे, राहतो पहिल्या मजल्यावर. आणि हो, सायकल कधी? (हे घरात विचारायची सोय नाही, आईने सायकलीवर चादर टाकून ठेवलीये.)

लोखंडी_नडगी
राजेंद्र नगर. सेम केस, फक्त डावा पाय, बायपासवर. तुमचा हळूहळूचा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि कोणी नीट सांगत नाही.

घरातला वजनकाटा घ्या, काटा नसेल तर आणा, उपयोगाची वस्तू आहे. उजवं पाऊल काट्यावर, डावं तेवढ्याच उंचीच्या पाटावर किंवा जाड पुस्तकांवर, हात वॉकरवर, कोणीतरी शेजारी उभं. आता हळू झुका आणि काटा बघा. समजा तुमचं वजन ७४ किलो आहे, तर आधी २० वर थांबा, श्वास घ्या, ते कसं वाटतं हे पायाला कळू द्या. मग तेवढंच वजन टाकत घरात चाला. दोन-तीन दिवस नीट गेले की ५ किलो वाढवा. नुसतं उभं राहिल्यावर दोन्ही पायांवर निम्मं निम्मं म्हणजे ३७ येतं, तिथपर्यंत पोचलात की अर्धी भीती गेलीच समजा. काटा बघत केलं की मन वाद घालत नाही.

आणि रॉड हाडाच्या आतल्या पोकळीत असतो, वजन हाड आणि रॉड मिळून उचलतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वजन टाकलं तर हाडाला उलट जुळायला चालना मिळते. टिबिया जरा आळशी हाड आहे, नडगीवर पुढून मांस नसतं, रक्तपुरवठा कमी, म्हणून ४ ते ६ महिने नेहमीचेच. काहींचं फार रेंगाळलं तर डॉक्टर एका बाजूचा स्क्रू काढतात म्हणजे हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातात, तेव्हा असं काही सुचवलं तर घाबरू नका.

गुडघ्याचं म्हणाल तर रॉड गुडघ्याच्या वाटीच्या खालून आत घालतात. म्हणून पुढून दुखतं, विशेषतः गुडघे टेकून बसताना. खूप जणांना होतं. मला देवासमोर मांडी घालून बसता येतं पण गुडघ्यावर अजून नाही.

हर्षा_फिजिओ
वरचं काट्याचं तंत्र बरोबर आहे, आम्हीही क्लिनिकमध्ये हेच करतो. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी एक लक्षात घ्या, हे दादांना डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला सांगितलंय म्हणून. टिबियाचा वरचा भाग, म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातलं फ्रॅक्चर असेल तर दीड ते तीन महिने पाय टेकवायचा सुद्धा नसतो, तेव्हा इथलं वाचून उगाच उड्या मारू नका.

दादा, सूज: पोटरीचे स्नायू पंपासारखं रक्त वर ढकलतात, ते इतके दिवस बसून आहेत, म्हणून रक्त खाली साठतं आणि रंग बदलतो. पाय वर घेतल्यावर रंग परत येत असेल तर चिंता नको. दिवसातून तीन-चार वेळा आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवा, खुर्चीवर बसून समोर स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे, सगळे पेशंट इथेच फसवतात. आणि पाऊल वर-खाली, वर-खाली, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, सतत.

पण पोटरी एकदम कडक, गरम आणि दुखरी झाली, एकाच पायाची सूज झपाट्याने वाढली तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट बघायचीच नाही, १०८ लावा. टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, ताप येणं, हेही तसंच, लगेच दाखवायचं.

व्यायामात मांडी विसरू नका. मोडलेल्या पायाची मांडी पातळ झालेली दिसेल, टेपने मोजा दोन्ही. पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. मग सरळ पाय उचलायचा. घोट्यासाठी पंचा तळव्यात अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची, नाहीतर टाच जमिनीला टेकत नाही आणि लंगडत चालायची सवय लागते. वॉकरनंतर काठी आली की ती डाव्या हातात. उजवा पाय मोडला तर काठी उजव्या हातात, हे सिनेमात बरं दिसतं. लंगडणं जाईपर्यंत काठी सोडू नका, लाज कसली त्यात.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठडा धरा.

राजवाड्याची_काकू
बाळा, डिंकाचे लाडू कर म्हणावं आईला, तीळ, अळीव, नाचणीची भाकरी. आमच्या ह्यांना पूर्वी पहलवानानेच बसवला होता हात, एक पैसा घेतला नाही बिचाऱ्याने. अगदीच वाईट नसतात ते लोक.

लोखंडी_नडगी
काकू, लाडू शंभर टक्के. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. फक्त प्रोटीन पण बघा, सकाळी पोहे-जिलबी, दुपारी पोळी-भाजी यात ते फार येत नाही, डाळ, पनीर, अंडी खात असाल तर ती. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आणि गुटखा-सिगरेट असेल तर बंद, धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो हे पक्कं माहितीतलं आहे.

पहलवान मात्र नको, काकू रागवू नका. आत स्क्रू बसवलेत, हाड अजून कच्चं आहे, त्यावर जोर लावून मालिश म्हणजे जुळत आलेलं हलवणं. मावशींना सांगा डॉक्टरांनी लेखी मना केलंय.

राजवाड्याची_काकू
रागवत नाही रे. लेखी सांगितलं की मावशी गप्प बसेल हे मात्र खरं.

पहाटेचा_पॅडलर
सायकलचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

आधी घरात, ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), आणि ते पण डॉक्टर-फिजिओंना विचारून. सपाट पॅडल, साधे बूट, सगळ्यात हलका गियर, सीट थोडी वर म्हणजे गुडघा कमी वाकतो. आधी दहा मिनिटं पण बास. कित्येक जणांना चालण्याआधी हे जमतं कारण सीटवर वजन असतं.

रस्त्यावर यायची माझी अट वेगळी आहे. पॅडल मारता येतं का हे बघूच नका, अचानक ब्रेक लावून उजवा पाय जोरात जमिनीवर टेकवता येतो का ते बघा. कुत्रं आडवं येणार, रिक्षा थांबणार, हे इंदूर आहे भिया. त्या एका पायावर विनाआधार उभं राहता येईना तोवर गेटबाहेर नाही. नंतर रविवारी पहाटे रेसिडेन्सी एरियात, गर्दी नसते, झाडं आहेत, सुपर कॉरिडॉरला इतक्यात नको, तिथे गेलं की आपोआप स्पीड वाढतो.

आणि तो बूट का सुटला नाही हे शोधा. शिमानोच्या एसपीडी पॅडलला (बूट अडकवायचं पॅडल) ३ एमएमचा ॲलन की लागतो, स्क्रू सैल केला की पकड कमी होते. त्यांचे क्लीट (बुटाच्या तळाची, पॅडलमध्ये अडकणारी पट्टी) मुख्यतः दोन प्रकारचे, एसएच ५१ फक्त टाच बाहेर वळवली की सुटतो, एसएच ५६ वर ओढला किंवा वाकडातिकडा फिरवला तरी सुटतो. तुमचे कुठले आहेत बघा, पॅडल सोबत बहुतेक वेळा ५१ च येतात. घिसलेला क्लीट पण अडकतो.

गिट्टीवाला_इंदूर
क्लीट उलटा करून बघितला, ५१ च आहे, आणि टेन्शनचा स्क्रू अगदी टोकाला घट्ट, बहुतेक दुकानातून आला तसाच.

काट्याचं केलं काल. पाटाऐवजी भाच्याची गाइडं लावली खाली. १२ किलोवर घाम फुटला, मला वाटलं होतं किमान ३० टाकतोय. रात्री २० पर्यंत गेलो. हर्षाताई, सकाळी उठल्यावर पाऊल नॉर्मल होतं, पण नडगीत जरा ठणका होता, चालेल का?

हर्षा_फिजिओ
व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या सकाळपर्यंत कमी झाला तर चालेल. वाढलेलाच राहिला तर मागच्या आकड्यावर दोन दिवस थांबा. पण नेमकं मोडलेल्या जागी बोटाने दाखवता येईल असं टोचत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

लोखंडी_नडगी
आणि देशी संडासासाठी कमोड खुर्ची माझ्याकडे पडून आहे, घडी होते, उंची कमी-जास्त होते. मागच्या एका पायाचं रबर घासलंय, ते मेडिकलवाल्याकडून आधी बदलून घ्या, ओल्या फरशीवर सरकते. भाच्याला पाठवा गाडीवर, मेसेज करा म्हणजे पत्ता देतो.