चष्मा असलेल्या पोराला टेनिस बॉल क्रिकेटसाठी वेगळा गॉगल घ्यावा का?

पेठेतली_आई:
मुलगा १० वर्षांचा, नंबर मायनस ३. सकाळी गांधी मैदानावर टेनिस बॉल, संध्याकाळी बिल्डिंगखाली बॅडमिंटन. परवा त्याच्या मित्राच्या डोळ्याला बॉल बसला, आत रक्त उतरलं म्हणून डॉक्टरांनी डोकं उंच ठेवून झोपवून ठेवलंय, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आमचे हे म्हणतात चष्मा आहेच की, तोच आडवा येतोय. खरंय का हे? दुकानात तर काहीही रेट सांगालेत.

चष्मेवाला_राजारामपुरी:
ताई, साधा चष्मा आडवा येत न्हाई, काच असली तर फुटून तीच डोळ्यात जाती. नेहमीची प्लास्टिक लेन्सबी जोराच्या माराला तडकती. पॉलिकार्बोनेट मागा, नंबर त्यातच बसवून मिळतोय. चरे लवकर पडतात तिला म्हणून वर कोटिंग घ्या आणि शर्टानं पुसू नको म्हणून सांगा त्याला. फ्रेमला मागं इलॅस्टिकचा पट्टा पायजे, नाकाला रबर पायजे. ते चकचकीत स्पोर्ट्स गॉगल असतात ना, त्यातले बरेच नुसते उन्हाचे, दिसायला भारी. आणि बॅडमिंटनला पहिला घाला!! शटलचं बूच अडीच-पावणेतीन सेंटीमीटरचं, सरळ खोबणीत घुसतं. मोठा बॉल निदान थोडातरी हाडावर अडतो.

भोगावतीकाठ:
बॉलचं झालं, उसाचं कोण बोलतंय का? पोरं सुट्टीला गावाकडं आली की रानात पळतात, पाल्याची धार लागली की बुबुळाला चरा, मग कोणतरी मेडिकलमधनं लाल डोळ्याचा ड्रॉप आणून घालतंय. त्यात स्टेरॉइड असलं तर पाल्यावरनं आत गेलेली बुरशी जोरात वाढती, बुबुळावर पांढरा डाग पडतोय, आणि तो मधोमध पडला की नजर गेली म्हणा. आमच्या भावकीत झालंय. पाला लागला की डॉक्टर, मधी मेडिकल न्हाई.

शिरोलीचा_फिटर:
आयटीआयची पोरं पण धरा यात. ग्राइंडरवर गॉगल कपाळावर चढवून काम करत्यात, म्हणे घामानं दिसत न्हाई. कण उडाला की शेजारचा रुमालाच्या टोकानं काढतोय, लई हुशार!

ओपीडी_सिस्टर:
घरातलं पण बघा. सगळ्यात भीती वाटते ती चुन्याच्या पुडीची. आजोबांची पुडी पोरं दाबतात, फटकन फुटते आणि चुना डोळ्यात. आग थांबली तरी तो आत आत भाजत जातो, म्हणून दवाखाना शोधत बसू नका, आधी नळ. पापण्या ताणून धरून अर्धा तास तरी पाणी, पोर रडू दे. वरच्या पापणीच्या आत खडे चिकटतात, ते डॉक्टरच काढतील. मध, तूप, गुलाबपाणी काही घालायचं नाही.
पण तार, पेन, बाण असलं टोकदार घुसलं असेल तर बरोबर उलटं करायचं: धुवायचं नाही, चोळायचं नाही, रुतलेलं ओढायचं नाही. कागदी कपाचा बूड डोळ्यावर हाडाला टेकेल असा ठेवून वर चिकटपट्टी, आणि थेट डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात किंवा सीपीआरला (आपलं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल). वाटेत बिस्किट, चहा नको, भूल द्यावी लागते.

पेठेतली_आई:
बाप रे, पुडी आत्ताच वर ठेवली, सासरे चिडलेत 😅 गॉगल बघते. मित्राच्या आईला काही सांगू का? त्याला दोन दिवसांत बरं वाटलं की हा मैदानावर पळणार.

ओपीडी_सिस्टर:
डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिबात नाही, पहिल्या आठवड्यात परत रक्त येऊ शकतं. दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन मनानं देऊ नका. आणि अशा मारानंतर काचबिंदू कितीतरी वर्षांनीही होतो, म्हणून नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्याचं प्रेशर तपासायला सांगा.