अनुभव धागा: दमदार गाडीला उन्हाळी टायर कोणते घेतलेत?

मुळामुठा_ते_इझार (म्युनिक)

ईस्टरच्या सुमाराला इथे सगळे हिवाळी टायर काढून उन्हाळी लावतात, तेव्हा टायरवाल्याकडे नंबर लागणं म्हणजे गणपतीत कोकणचं रिझर्वेशन मिळण्यासारखं. आपला नंबर लागलाय, पण टायर अजून ठरत नाहीत.

गाडी बीएमडब्ल्यू एम२४०आय, मागची चाकं ओढणारी. पुढे २२५/४० आर१८, मागे २४५/३५ आर१८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, मग कडेच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे प्रोफाइल, आणि शेवटी रिमचे इंच). मागच्या जोडीच्या नक्षीची खोली ३ मिलिमीटरच्या आत आली आहे. कायद्याला १.६ चालतात, पण एडीएसी (इथला वाहनचालकांचा क्लब) उन्हाळी टायरला किमान ३ सांगते, आणि भर पावसात आउटोबानवर, म्हणजे इथल्या एक्सप्रेस-वेवर, ते पटतंच. म्हणून चारही नवे घ्यायचे. डोळ्यासमोर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ आणि गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६.

मासिकांतल्या चाचण्या मी वाचल्यात, त्यांचे तक्ते कृपया नकोत. तुमची गाडी, तुमचा रस्ता, आणि तोच टायर पुन्हा घ्याल का, एवढं सांगा. कुठल्याही देशातलं चालेल.

चाकोरीबाहेर (श्टुटगार्ट)

गोल्फ आर, २३५/३५ आर१९, सध्या स्पोर्टकॉन्टॅक्ट ७. पुन्हा घेईन. स्टिअरिंग वळवल्याक्षणी नाक आत येतं आणि ओल्यात ब्रेकचा भरवसा वाटतो. ४एसही याच गाडीला होते. तेव्हा वळणात शिरताना किंचित मऊपणा जाणवायचा, पण झीज अगदी एकसारखी व्हायची. माझं रोजचं जाणं-येणं डोंगरातल्या वळणांचं, म्हणून मी स्पोर्टकॉन्टॅक्ट निवडला. तुमचं सगळं आउटोबान असेल तर उत्तर बदलेल.

युरोपियन लेबलवरच्या ओल्या पकडीच्या 'ए'वर फार जाऊ नका. ते ब्रेकिंग ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंतचं असतं, तेही नव्या टायरवर. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला कधी लागते, हे त्या अक्षरात नाहीच. जितका रुंद टायर तितकी ती लवकर तरंगते, आणि तुमचे मागचे २४५ आहेत.

सिंहगड_रोडकर (पुणे)

आमच्याकडे 'उन्हाळी टायर द्या' म्हटलं तर दुकानदार चहा मागवेल आणि गप्पा मारत बसेल. इथे बारा महिने तेच टायर. ऑक्टाव्हिया आरएस २४५, २२५/४० आर१८. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, तेव्हापासून या मापात 'मला हा हवा' म्हणायची सोय उरली नाही. मिळतील त्यातून निवडायचे.

त्यामुळे दुकानात मी आधी टायरची कड वाचतो. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एका दुकानात प्लास्टिक गुंडाळलेला 'एकदम फ्रेश माल' निघाला चांगला तीन वर्षांचा. प्लास्टिक फाडून आकडे दाखवले तर म्हणतो, "साहेब, गोडाऊनमध्येच होता, रोडवर कुठे आला?" नमस्कार केला आणि निघालो.

पकडीइतकंच मी कडेच्या भिंतीकडे बघतो. चाळीसच्या प्रोफाइलचा टायर पावसाळ्यात खड्ड्यात आदळला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बाद. म्हणून लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) कंपनीने दिला त्याच्या खाली कधीच जात नाही. एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा, असेल तर उत्तम. आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना. एक्सप्रेस-वे उतरून गरम टायरमधली हवा कमी करणारे आहेत, त्यांना कोपरापासून दंडवत.

परदेशी_पाटील (न्यू जर्सी)

मस्टँग जीटी, ४एस. मे ते ऑक्टोबर याला तोड नाही. पण ७ अंशांच्या खाली रबर कडक व्हायला लागतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी कोरड्या रस्त्यावर, सिग्नल सुटल्यावर नेहमीइतकाच पाय दिला, तर मागची चाकं जागच्या जागी फिरली. बर्फाचा कणही नव्हता. कडाक्याच्या थंडीत तर असे टायर नुसते गाडीला लावून उभे ठेवले, हलवले, तरी नक्षीला चिरा पडू शकतात. तेव्हा म्युनिककर, नुसता ईस्टर बघू नका, सकाळचा पारा बघा.

घाटमाथा (कोलोन)

मी न्युर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर जातो, तर थोडं वेगळं. २०.८ किलोमीटरच्या त्या फेरीसाठी मिशेलिनचाच ट्रॅककडे झुकलेला पायलट स्पोर्ट कप २ मोहात पाडतो. अमेरिकी झीज-आकड्यात (जितका मोठा तितकी झीज हळू) तो १८०, तर ४एस ३००. हा आकडा कंपनीच देते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये, पण एकाच घरातल्या दोन टायरांची करता येते. गंमत झिजण्यात नाही, पावसात आहे. आयफेलच्या डोंगरात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सरी हे नेहमीचंच, आणि कप २ ला पाणी फेकायला खाचाच कमी. घरी परतायचंही त्याच टायरांवर असतं. रस्त्याच्या गाडीला ४एसच.

वाळूतला_वाटाड्या (दुबई)

इथे एकच: ताजा माल घ्या. उन्हात रबर वयाने मरतं, नक्षी शाबूत असली तरी.

मुळामुठा_ते_इझार

सगळ्यांचे आभार. आता एक शंका. विक्रेता म्हणतो की बीएमडब्ल्यूचा तारा छापलेलाच टायर हवा. आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) सोडावेत का?

चाकोरीबाहेर

अहो, तारा म्हणजे गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी जुळवून घेतलेला टायर. पोर्शचा एन, मर्सिडीजचा एमओ तसाच. तुमची गाडी मागची चाकं ओढणारी, तर तारा नसला तरी मला चालेल. एक्सड्राइव्ह, म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाकं ओढणारी, असती तर मीही ताऱ्यावर अडलो असतो: पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ताण येतो. मात्र पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्याचे, असं करू नका. रनफ्लॅट मी तरी सोडेन. भिंत कडक असल्याने खड्डा थेट कमरेला कळतो. फक्त डिकीत हवेचा पंप आणि पंक्चरचा फेस ठेवा, तुमच्या गाडीत स्टेपनी नसणार.

घाटमाथा

आणि बसवताना 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, ते स्वतः बघून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने, नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो. ५० किलोमीटर झाले की टॉर्क पान्याने बोल्ट पुन्हा तपासा.