अनुभव धागा: देव मानत नाही, म्हणजे नेमके कोण?

गच्चीवरची
यंदा गणपतीत आरतीला टाळ्या वाजवत होते. भाचा कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, तू नास्तिक ना? मग टाळ्या कशाला?" तेवढ्यात 'घालीन लोटांगण' सुरू झालं म्हणून सुटले. तुम्ही स्वतःला काय म्हणवता? तो शब्द कुठे कामी आला, कुठे नडला? देव आहे-नाही हा वाद इथे नको, अनुभव लिहा.

अर्धाकप
अकरावीत असताना आजोबांना ऐटीत सांगितलं, मी नास्तिक. आजोबा संस्कृतचे मास्तर. रागावले नाहीत, उलटतपासणीच घेतली. "मनूच्या हिशेबात वेदांची निंदा करतो तो नास्तिक. तू वेद उघडलेस कधी? मीमांसक जगाचा कर्ता मानत नाहीत, सांख्यांचं ईश्वरावाचून अडत नाही, तरी वेद प्रमाण मानतात म्हणून दोन्ही तत्त्वज्ञानं आस्तिक दर्शनांत. तू तूर्त निरीश्वरवादी हो, नास्तिकाचं पुढे बघू." वेद अजून उघडलेले नाहीत, त्यामुळे बढती अडकली आहे.

उगाचच
हापिसात एकदा 'अज्ञेयवादी' म्हणालो, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. "म्हणजे कुठले तुम्ही?" आता फक्त "मी उपास करत नाही" एवढंच सांगतो.

नारळवाला
अंधश्रद्धा निर्मूलनाचे प्रयोग गावोगाव करतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवायचा, वरून 'मंतरलेलं' पाणी शिंपडायचं, की शेंडी भडकते. मग युक्ती उघड करायची. एका गावात कार्यक्रमानंतर एक आजी जवळ आल्या. "नारळाचं कळलं रं बाबा. पण माझा खंडोबा ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "राहू दे की आजी." आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिकाही तीच आहे, विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्याला आहे. मी स्वतः पक्का नास्तिक, पण तो शब्द मांडवात काढला तर नारळ पेटायच्या आत निम्मी माणसं उठून जातील. हा बोटचेपेपणा आहे असं आमच्यातलेच काही म्हणतात. २० ऑगस्ट २०१३ ला समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा मारणाऱ्यांनी कुठे हा फरक केला?

रिकामा रकाना
लेकीचा शाळाप्रवेश. अर्जात धर्माच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, 'धर्म नाही' म्हणायचाही हक्क आहे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. त्याची प्रत खिशात होती. कारकून बाईंनी ती शांतपणे वाचली, परत दिली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हो, पण कॉम्प्युटर पुढे जात नाही." शेवटी 'इतर'. घरी येताना लेकीचा प्रश्न, "बाबा, आपण इतर आहोत का?"

सायली नव्हे
मला लेबलांचा कंटाळा होता, बाबा गेले त्या दिवसापर्यंत. देहदानाच्या अर्जाला त्यांनी एक चिठ्ठी टाचली होती: 'मी निरीश्वरवादी आहे. कोणतेही विधी करू नयेत.' काका गुरुजींना फोन लावायला निघाले होते, चिठ्ठी वाचून खाली बसले. नुसतं "त्यांना आवडायचं नाही" म्हटलं असतं तर ऐकले नसते.
दहाव्या दिवशी सकाळी आई गच्चीवर भाताचं पान ठेवताना दिसली. आई देव मानते. मी पाण्याचं भांडं नेऊन शेजारी ठेवलं आणि खाली आले.